जरतरकर

जरतरकर हे आडनाव कुठल्या गॅझेटियरात मिळणार नाही, पण माणूस कुठल्याही टपरीवर मिळतो. नगर जिल्ह्यात तर हे पीक जोमात येतं, जमीनच तशी आहे. मलिक अंबर 1626 साली गेला नसता तर? मार्च 1795 मध्ये खर्ड्याला निजामाची खोड मोडली आणि त्याच ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले; ते राहिले असते तर? एवढा ऐवज दाराशी पडलेला असताना आमच्या दिल्लीगेटच्या जरतरकर अण्णांनी हाती घेतलाय तो जर्मनी आणि पोलंडचा तंटा. हिटलरनं पोलंडला हात लावायला नको होता, हे त्यांचं म्हणणं. आणि लावला नसता, हेही त्यांचंच म्हणणं.

अण्णा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. खिशात अजून लाल पेन असतं, पेपर वाचतानाही समासात शेरे मारतात. चहा आला की युरोप मांडून होतो. डावीकडची बशी म्हणजे जर्मनी, उजवीकडची पूर्व प्रशिया, मधली खारी म्हणजे पोलिश कॉरिडॉर आणि खारीच्या टोकाला पाण्याचा ग्लास म्हणजे डॅन्झिग. एकदा कुणीतरी बोलण्याच्या भरात कॉरिडॉर चहात बुडवून खाल्ला. त्या दिवशी महायुद्ध होऊच शकलं नाही.

"साधं गाडीवाटीचं प्रकरण," अण्णा सांगतात. "जमीन महसूल अधिनियम, कलम 143. ऑक्टोबर 1938 मध्ये हिटलरच्या परराष्ट्रमंत्र्यानं, रिबेनट्रॉपनं, मागितलं काय? डॅन्झिग, आणि खारीवरून एक रस्ता, एक रेल्वे. स्थळपाहणी करायची, पंचनामा करायचा, शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान होईल अशी वाट काढून द्यायची. 1934 चा अनाक्रमण करार होताच की!"

पोलंडच्या बाजूनं सहसा कुणी बोलत नाही. बोलतात ते सहकारी बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब, आणि तेही पैशाचं. जर्मनीनं शस्त्रांवर बेसुमार उधळलं होतं, परकीय चलनाचा खडखडाट होता. राइशबँकेच्या संचालकांनी जानेवारी 1939 मध्ये लेखी इशारा दिला, तर हिटलरनं अध्यक्ष शाख्टलाच घरी बसवलं. "युद्ध टळलं असतं तर हप्ते कोण भरणार होतं?"

"शाख्टला काढलं नसतं तर?" अण्णा.

ही त्यांची खरी करामत. एका जरला अडवलं की दुसरा जर पुढे येतो. शाख्ट राहिला असता तर, 15 मार्चला प्राग घेतलं नसतं तर, मग 31 मार्चला ब्रिटननं पोलंडला हमी दिली नसती तर. कोपऱ्यात स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन बसलेल्या पोरानं शेवटी मान वर केली. "अण्णा, म्हणजे हिटलर हिटलर नसता तर. आत्याबाईला मिशा असत्या तर, तसंच ना?" वर त्यानं तारीखही दिली. 23 मे 1939 ला हिटलरनं सेनापतींना स्वच्छ सांगितलं होतं, की प्रश्न डॅन्झिगचा नाही, पूर्वेकडच्या जमिनीचा आहे. बैठकीच्या टिपणात तसं नमूद आहे.

"बैठकीच्या टिपणात?" अण्णा हसले. "मी जन्मभर तीच लिहिलीत."

युद्ध झालं नसतं तर नगरचं काय झालं असतं, हा हिशेबही त्यांच्याकडे तयार असतो. 1939 मध्ये हिंदुस्थानातले जर्मन पकडून नगरच्या छावणीत आणले. त्यात नंगा पर्वताच्या मोहिमेहून परतताना कराचीत अडकलेला हाइनरिख हारर होता. तोच पुढे डेहराडूनच्या छावणीतून पळून तिबेटात पोचला. ऑगस्ट 1942 मध्ये नेहरू, पटेल, आझाद भुईकोट किल्ल्यात आले, आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथं लिहिलं गेलं. युद्ध नाही तर तुरुंग नाही, तुरुंग नाही तर पुस्तक नाही. एवढा तोटा सोसूनही अण्णा युद्ध टाळायला तयार आहेत, हा त्यांचा मोठेपणा म्हणायचा.

अण्णांचं शेत राहुरीला, मुळेच्या कालव्याखाली. चुलतभावाचं त्याच्यामागे, वाट अण्णांच्या बांधावरून. त्यानं कलम 143 खाली अर्ज टाकलाय आणि अण्णा तारखांमागून तारखा घेतायत. मॅनेजरसाहेबांनी परवा ते काढलंच. "अण्णा, एवढी वाट देऊन टाका की!"

"वाट? आज बैलगाडी म्हणेल, उद्या ट्रॅक्टर, परवा ऊस भरलेला ट्रक. त्यानं तिकडच्या शेजाऱ्याचा बांध कसा कोरला ते बघितलंय मी."

"पोलंडच्या परराष्ट्रमंत्र्यानं, बेकनंही, चेकोस्लोव्हाकियाचं तेच बघितलं होतं. आधी सुडेटनलँड दिलं, सहा महिन्यांत प्राग गेलं."

अण्णांनी खारी उचलून आपल्या बशीत ठेवली. "बेकचं वेगळं," ते म्हणाले. "त्याच्या जमिनीला कालव्याचं पाणी होतं का?"