ग्रॅमोपाध्ये

पहिली रोडबाइक घ्यायचीय, असं सोसायटीच्या लिफ्टमध्ये नुसतं पुटपुटलात तरी तळमजल्यावर दार उघडताच तो समोर उभा असतो. तुमच्याकडेही असेलच एक. आमच्या कोथरूडच्याला आम्ही ग्रॅमोपाध्ये म्हणतो.

बजेट वगैरे तो विचारत नाही. थेट, "वजन किती?" आपण ओशाळून खरा आकडा सांगतो. "तुझं नाही रे, सायकलचं!"

त्याच्या खिशात कायम हुकचा डिजिटल काटा. प्रवासाच्या बॅगा टांगून बघतात, तसला. हा दुकानात शिरला की मालक आतल्या खोलीत जातो. सायकल काट्याला लटकवायची, आकडा स्थिरावेपर्यंत श्वास रोखायचा आणि निकाल द्यायचा, "10 किलो 400. वीट आहे, वीट!" शर्यतीची सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी चालत नाही, हा जागतिक संघटनेचा नियम त्याला वैयक्तिक अपमान वाटतो. गिअरच्या संचांचंही तसंच. क्लॅरिस संचाला मागे 8 गिअर, सोराला 9, टियाग्राला 10. नवशिक्याला यातलं काहीही पुरतं. पण त्याला क्लॅरिस दाखवलीत तर सुतकी चेहरा करतो.

स्टँड त्याने काढायला लावला. घंटाही. (पुण्यात घंटा ऐकून कोण बाजूला होतं, म्हणून तेवढं पटलं.) बाटलीत पाणी निम्मंच. एकदा डब्यातलं थालीपीठही काट्याला लागलं. स्वतः गृहस्थ 92 किलोंचे, पण तो विषय काढायचा नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. त्याने मला भिंतीला टेकून अनवाणी उभं केलं, मांड्यांमध्ये जाडजूड शब्दकोश वरपर्यंत दाबला आणि टेपने जमिनीपासूनचं अंतर घेतलं. 79 सेंटिमीटर. "गुणिले 0.67. म्हणजे 53ची फ्रेम. रंगबिंग नंतर." बायको दारात चहा घेऊन उभी होती, ती आल्या पावली परत गेली. पण आज माझी पाठ दुखत नाही ती त्या शब्दकोशामुळे. टायरही 25चे नकोत, 28चेच घे म्हणाला. "अरे, पण ते जड ना?" "आपल्या रस्त्यांवर ग्रॅम गेले खड्ड्यात!"

परवा रविवारी खेड-शिवापूरच्या पुढे एक कॉलेजचा पोरगा पंक्चर घेऊन उभा होता. पंक्चरवाल्याच्या हवेच्या नळीला त्याचा बारीक व्हॉल्व्ह बसेना. ग्रॅमोपाध्येने सीटखालची पिशवी उघडली. दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, पॅच, चेनची कडी, पान्यांचा जुडगा. टायरच्या आतून बोट फिरवत फिरवत त्याने केसाएवढी तार शोधून काढली. नवी ट्यूब घातली, पैसे घेतले नाहीत, वर व्हॉल्व्हवर बसवायचं पितळी नोझलही पोराच्या हातात ठेवलं.

मी ती पिशवी उचलून पाहिली. दीड किलो तरी असेल.

"हे वजन कुठे धरतोस?"

"धरतो कशाला? ते माझं सामान थोडंच आहे?" पिशवीची चेन ओढत तो म्हणाला. "चल, ऊन चढेल. आणि ती बाटली ओत आधी, काठोकाठ भरलीयस."