उत्तेजनार्थ

ऑलिंपिक सुरू झालं की दोन दिवसांत घरोघरी तज्ज्ञ उगवतात. एरवी रायफल कुठली आणि पिस्तूल कुठलं हे विचारलं तर जे आधी गूगलकडे बघतील, तेच तिसऱ्या दिवशी सोफ्यावर मांडी घालून ‘याचं स्टँडिंग जरा कच्चं आहे’ म्हणू लागतात. आमच्या इमारतीत एक निवृत्त अधिकारी आहेत. धनुष्य त्यांनी आयुष्यात फक्त प्रभू रामचंद्रांच्या हातात पाहिलेलं, तेही कॅलेंडरवर. पण २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीची मिश्र सांघिक लढत चालू असताना ते टीव्हीवर डाफरत होते, ‘अरे वारा बघ, वारा!’ धीरज बोम्मदेवरा आणि अंकिता भकत यांनी वारा बघितला असावाच. ते चौथे आले. काका ‘नशीबच फुटकं’ म्हणाले आणि जेवायला उठले.

त्या पॅरिसमध्ये आपण चौथे येण्याचा सपाटाच लावला होता. सहा वेळा! नेमबाज अर्जुन बबुता चौथा, बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेन चौथा, आणि दोन पदकं आधीच खिशात टाकलेली मनू भाकर तिसऱ्या स्पर्धेत चौथी. स्कीट नेमबाजीतली आपली जोडी ४३-४४ अशी एका नेमाने हुकली. मीराबाई चानूने एकूण १९९ किलो उचलले आणि ब्राँझवालीने २००. वेटलिफ्टिंगमध्ये याहून लहान फरक असूच शकत नाही. एक किलो! एवढा तर आपण दिवाळीच्या फराळात कमावतो आणि होळीपर्यंत निष्ठेने सांभाळतो.

आता चौथा म्हणजे जगात चौथा बरं का. आपल्यापैकी कितीजण कशात चौथे आहेत, याचा शांतपणे विचार करून पाहावा. मी केला. जगात सोडा, आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत, तिथेही माझा चौथा नंबर पक्का धरता येत नाही. तरी मीराबाईने बारबेल खाली ठेवली तेव्हा ‘हॅः!’ करणाऱ्यांत माझा आवाज होताच.

आपल्या शाळा या बाबतीत ऑलिंपिकपेक्षा उदार. स्नेहसंमेलनात पहिल्याला स्टीलचा डबा, दुसऱ्याला ताटली, तिसऱ्याला वाटी, आणि मग मुख्याध्यापक घसा खाकरून ‘उत्तेजनार्थ’ म्हणत दोन पेनं काढायचे. ते पेन मिळवणाऱ्या मुलाची आई वाटीवाल्याच्या आईपेक्षा जास्त घरी जाऊन सांगून यायची. ऑलिंपिकमध्येही पहिल्या आठ जणांना प्रमाणपत्र देतात. पण ते देताना राष्ट्रगीत वाजत नाही आणि कॅमेराही तोवर दुसऱ्या मैदानावर गेलेला असतो.

गंमत म्हणजे आपल्याला ज्यांची नावं तोंडपाठ आहेत ते मिल्खा सिंग १९६०च्या रोममध्ये चौथे होते आणि पी. टी. उषा १९८४च्या लॉस एंजेलिसमध्ये चौथी. उषाची वेळ ५५.४२ सेकंद, तिसरीची ५५.४१. सेकंदाच्या शंभराव्या भागाने घात केला. त्यांना आपण विसरलो नाही हे खरं, पण आठवतो ते हळहळत. एवढं धावूनही त्यांच्या वाट्याला कौतुकापेक्षा च्‌च्‌च् जास्त आलं.

मला या सगळ्यात आपल्या राधानगरी तालुक्यातला नेमबाज स्वप्नील कुसाळे फार मोलाचा वाटतो. कांबळवाडीचं पोरगं, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. याची नि चौथ्या नंबराची जुनी दोस्ती. २०२२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. पण तिथे पहिल्या चौघांच्या देशांना ऑलिंपिकची जागा मिळणार होती, म्हणजे पॅरिसचं तिकीट या तपासनिसाला चौथ्या नंबरानेच काढून दिलं. पुढे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण दिसू लागलेलं असताना एक गोळी ७.६ वर गेली आणि गडी पुन्हा चौथा. अशा रात्री माणसाला झोप कशी लागत असेल, कोण जाणे.

पॅरिसची नेमबाजी प्रत्यक्षात पॅरिसपासून लांब, शातोरूला होती. १ ऑगस्टला भर दुपारी आपण ती पाहिली. हा पन्नास मीटरचा थ्री पोझिशनचा प्रकार बघायला तसा कंटाळवाणाच. पुठ्ठ्यासारखं ताठ जाकीट घातलेले आठ जण आधी गुडघ्यावर बसून, मग पालथे पडून, मग उभं राहून नेम धरतात. दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम साडेदहा मिलिमीटरचं आणि ते पन्नास मीटरवर. गुडघ्यावरच्या गोळ्या संपल्या तेव्हा कुसाळे सहावा, पालथं पडून झालं तेव्हा पाचवा. आमच्याकडे लोक पानं घ्यायच्या गोष्टी बोलू लागले. मग तो उभा राहिला, आणि काट्याने सरकावं तसा वर सरकत गेला. शेवटी एकेक जण बाद होऊ लागतो, तेव्हा आपल्या घरात कुणी पाणी मागितलं तरी चालत नाही. ४५१.४ गुण, ब्राँझ! रायफलच्या या प्रकारात भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. कोल्हापुरात फटाके वाजले, गुलाल उडाला, रेल्वेने बढती दिली.

त्या दिवशी चौथा आला चेक प्रजासत्ताकाचा यिर्झी प्रिव्रातस्की. तो बाद झाला आणि कुसाळेचं पदक पक्कं झालं, त्याच क्षणी आपण सोफ्यावरून उड्या मारल्या. त्या उड्यांबद्दल मला खेद नाही. पण प्राग किंवा ब्र्नोच्या एखाद्या इमारतीतही एक निवृत्त अधिकारी असतीलच. तेही ‘वारा बघायला हवा होता’ म्हणत जेवायला उठले असतील.

आणि हे सगळं बोलताना खाशाबा जाधवांना वगळून चालणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ साली लंडनला गेला आणि सहावा आला. १९५२च्या हेलसिंकीसाठी पैसे जमेनात, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी ७,००० रुपयांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. सहाव्या नंबराच्या जिवावर! घरी बायकोला त्यांनी हे कसं सांगितलं असेल, याचं मला राहून राहून कुतूहल वाटतं. ‘अगं, सहावा आलाय पोरगा, घराचे कागद काढ.’ खाशाबांनी ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक, आणि दुसरं मिळायला १९९६ उजाडावं लागलं. मधली ४४ वर्षं सहाव्या नंबरावर घर लावणारा माणूस बहुधा कुणाला भेटला नसावा.

आता २०२८ साली पुन्हा लॉस एंजेलिस आहे. या खेपेला तिथे क्रिकेटही असणार, म्हणजे आमच्या काकांना ज्ञान उसनं आणायची गरज पडणार नाही. संघ सहाच. त्यात भारत चौथा आला तर काय होईल, याची कल्पना न केलेली बरी. तेव्हा वाचकहो, त्या पावसाळ्यात रात्री-अपरात्री टीव्ही लावाल आणि आपला एखादा खेळाडू चौथा येईल, येणारच, तर एवढं करा: जेवायला उठण्याआधी त्याचं गाव कुठलं ते शोधून काढा, आणि त्याला दोन ओळींचं पत्र टाका.