वजन नेमकं कुठं?

लातूरच्या आडत बाजारात तुरीच्या कट्ट्याचं वजन एकच: काटा म्हणेल ते. त्यामुळे टेनिसच्या रॅकेटला दोन वजनं असतात, हे आमच्याकडे पटवून देणं जिकिरीचं. दोन रॅकेट, काट्यावर दोन्ही 300 ग्रॅमच्या. फिरवताना एक फुलासारखी, दुसरी कुदळीसारखी. बुडापासून 33 सेंटिमीटरवर तोल असलेली अशी एक रॅकेट घ्या आणि टोकाला 3 ग्रॅम शिशाची पट्टी चिकटवा. तोल सरकतो जेमतेम साडेतीन मिलिमीटर, पण मनगटाला कळतं. फिरवताना वजनाचा हिशेब अंतराच्या वर्गाने वाढतो ना! तीच पट्टी मुठीत दडवा, मनगट ढिम्म. (पीट सॅम्प्रस शिसं लावून रॅकेट जड करायचा. त्याचं मनगट त्याच्यापाशी.)

खरं तर हे आपल्याला नव्याने शिकवायला नको. फाइलीवर वजन ठेवलं की ती हलते, एवढं भौतिकशास्त्र कचेरीच्या पायरीवरच शिकून होतं.

आणि अभ्यासाचा लातूर पॅटर्न? सगळं वजन डोक्यात, मुठीत काही नाही. अशी रॅकेट मागच्या रेषेवरून दणका बरा देते, नेटजवळ मात्र वळता वळत नाही. नांदेडलाही आता क्लासेसच्या पाट्या तशाच दाट. संध्याकाळी कोर्टावर पोरं यायची, तर तेव्हाच त्यांची टेस्ट सिरीज. आलंच एखादं, तर मागून बाप विचारतो, "सर, ह्याचे वाढीव गुण किती भेटतेत?"