बिनसायलेन्सरच्या ट्रकवाल्यास अनावृत पत्र

माननीय ट्रकमालक-चालक साहेब,
स. न. वि. वि.

पहाटे तीनच्या सुमारास आपण डोंगर उतरून डेन्व्हरकडे रवाना झालात, हे समजले. कोलोरॅडोतल्या आमच्या चिमुकल्या गावात ही बातमी समजली नाही असे एकही घर नाही. केबिनमागून आभाळाकडे गेलेल्या आपल्या त्या दोन चकचकीत सरळ नळ्यांची कीर्ती पाळण्यातल्या बाळांपर्यंत पोहोचली आहे.

आम्ही भाबडे लोक इतके दिवस इंजिन ब्रेकलाच शिव्या घालत होतो. त्या बिचाऱ्याचे काम काय? पिस्टन सिलिंडरमधली हवा दाबतो, त्यात धावत्या ट्रकचा जोर खर्ची पडतो. ती हवा पिस्टनला परत ढकलणार, तेवढ्यात एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडून तिला बाहेर काढायचे. झाला वेग कमी, चाकांचे ब्रेकही थंड. ही हवा धड सायलेन्सरमधून गेली, तर घुरघुर ऐकू येते. आपल्या नळ्यांतून गेली, की मशिनगन.

या शोधामागची कथा आपल्याला ठाऊक असेलच. पुण्यात कर्वेनगरला ज्या कमिन्सच्या नावाचे कॉलेज आहे, त्या कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स 1931 मध्ये डिझेल ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले होते. कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीच्या उतारावर ब्रेकनी दगा दिला आणि खाली रेल्वे फाटकावर मालगाडी! थोडक्यात वाचले. तो प्रसंग त्यांनी मनात धरून ठेवला, आणि पुढे त्यांच्या कल्पनेतला ब्रेक जेकब्स कंपनीने 1961 मध्ये बाजारात आणला. तीस वर्षांची ही तपश्चर्या आपण एका करवतीने सार्थकी लावलीत.

आता गावाच्या वेशीवर पाटी लागली आहे: इंजिन ब्रेक वापरण्यास मनाई. तिचे श्रेय सर्वस्वी आपले. आपल्याला ती लागू नाही, कारण पहाटे तीनला पाटी वाचतो कोण? ती वाचतो तो सायलेन्सर शाबूत ठेवणारा, दंडाला भिणारा चालक. मग तो 36 टनांचे धूड नुसत्या पायाच्या ब्रेकवर उतरवतो आणि ड्रम तापल्याचा वास घेत देवाचे नाव घेतो. तापलेले ब्रेक काय करतात, हे या भागात कोणाला शिकवावे लागत नाही. एप्रिल 2019 मध्ये लेकवूडला इंटरस्टेट 70 च्या उतारावर ब्रेक गमावलेला ट्रक थांबलेल्या गाड्यांवर आदळला आणि चार माणसे गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही पाटी.

कायद्याचे म्हणाल, तर तो आपल्याविषयी फारच स्पष्ट आहे. राज्याराज्यांतून माल नेणाऱ्या जड ट्रकला आवाज दाबणारा सायलेन्सर हवा, त्याला वळसा घालणारी नळी चालणार नाही, असे केंद्रीय नियम सांगतात. कोलोरॅडोने तर इंजिन ब्रेक असलेल्या ट्रकला सायलेन्सर सक्तीचा करून 500 डॉलर दंड ठेवला आहे. इथे राज्याला दुखणे नेमके कळले: ब्रेक राहू दे, नळी झाक. आमच्या गावाने मात्र सोपा मार्ग धरला. नळी तपासायला ट्रक अडवावा लागतो, पाटी उभ्या उभ्या ठोकता येते.

सरळ नळीने ताकद वाढते, असे आपण म्हणाल. वाढत असेलही. पण उतारावर आपल्याला ताकद कशाला हवी, हे गावातल्या एकाही शहाण्याला उमगलेले नाही.

तेव्हा एक प्रस्ताव आहे. सायलेन्सरसाठी आम्ही गावात वर्गणी काढतो. मराठी माणसाला तेवढे एक काम नक्की जमते. आपण तो बसवा आणि खुशाल इंजिन ब्रेक लावून सावकाश उतरा. ती पाटी काढायला पाना घेऊन मी स्वतः वेशीवर येईन.

आपला,
एक जागता शेजारी