ध्वनिमुद्रक : निवड, वापर आणि खोकला

खिशात मावणारा डिजिटल ध्वनिमुद्रक दोन कामांसाठी घेतला जातो : मैफल चालू असताना गाणे टिपणे आणि तेच गाणे पुढे रोज ऐकणे. दुकानात पहिल्या कामाची चर्चा होते. घरी दुसऱ्याचे आश्वासन द्यावे लागते. यंत्राचे तिसरे काम कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नसते, पण प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत निवड बरीचशी त्यावरच ठरली. ते काम म्हणजे दिसणे. दोन माईक वर काढलेले काळे यंत्र सतरंजीवर ठेवले की शेजारचा गृहस्थ "आपण आकाशवाणीचे का?" असे विचारतो. "छे हो, आपली हौस," असे उत्तर देताना अंगी जो विनय येतो, तो दुसऱ्या कोणत्याही खरेदीने येत नाही.

माईकांत मुख्य भेद दिशेचा. झूमच्या बहुतेक छोट्या यंत्रांवर एकमेकांकडे तोंड फिरवलेले दोन माईक दिसतात. ते समोरचे जास्त घेतात, पाठीमागचे कमी. मोठ्या सभागृहात हे सोयीचे. सोनीच्या २००९ सालच्या पीसीएम-एम१० सारख्या यंत्रांत चारही बाजूंचे सारखेच ऐकणारे माईक असतात. त्यांत खर्ज चांगला उतरतो, डग्ग्याची घुमक भरीव येते आणि घरगुती बैठकीत गायकापासून चार हातांवर जागा मिळाली तर त्यांना तोड नाही. प्रस्तुत लेखक जातो त्या बैठका बहुधा घरगुती असतात. त्याने दिशेचे माईक घेतले, कारण ते जास्त दिसतात.

आवाजाची लेव्हल यंत्रावर सोपवू नये. ‘ऑटो’ ही सोय भाषणासाठी ठीक. ख्यालाशी तिचे जमत नाही. गायक समेवर येऊन क्षणभर थांबला की यंत्राला वाटते, आवाज कमी पडतो आहे. ते लेव्हल वाढवते आणि तानपुरा, पंखा व बाहेरचा रिक्षावाला एकदम मंचावर येतात. मग तान सुटते, यंत्र दचकून मागे सरते आणि तानेचा पहिलाच झोत बसका निघतो. लेव्हल हाताने लावावी आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. तबलजी हातोडी घेऊन तबला लावतात ती वेळ याला उत्तम, कारण पुढचा अर्धा तास विलंबितात तेवढा जोर येणारच नाही. फितीचे बरे होते. जरा जास्त झाले तरी ती सांभाळून घेई. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काहीच नसते. तिथे आवाज फाटतो आणि फाटलेला नीट शिवता येत नाही.

एवढ्यापेक्षा मोबाइल काय वाईट, असे विचारणारे असतातच. पुष्कळ मोबाइल बोलणे स्पष्ट यावे म्हणून गोंगाट गाळतात आणि एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे गोंगाट, अशी त्यांची समजूत असते. एकसारखा चालू राहणारा आवाज मैफलीत तानपुऱ्याचा असतो.

आकड्यांत माणूस सर्वांत जास्त वाहवतो. सीडीचे मोजमाप १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, त्यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि तरुण निरोगी कान २० पर्यंत ऐकतो. २४ बिटचा उपयोग खरा आहे : लेव्हल बरीच खाली ठेवली तरी मागची खरखर वर येत नाही, म्हणून धास्ती कमी होते. अलीकडे ३२ बिट फ्लोटची यंत्रे निघाली आहेत. त्यांच्या फाइलमध्ये आवाज फाटत नाही, त्यामुळे काहींवर लेव्हलची कळच ठेवलेली नाही. सोय मोठी, पण मैफलभर हाताने करायचे काय, हा प्रश्न उरतो. ९६ किलोहर्ट्झचे समर्थन करणे मात्र अवघड. त्यात ४८ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज टिपले जातात आणि तो प्रांत वटवाघळांचा. प्रस्तुत लेखकाचे कान पन्नाशीनंतर १२ च्या पुढे फारसे जात नाहीत. तरीही तो २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवरच मुद्रण करतो आणि तासाला सुमारे २ गिगाबाइट खर्चून पर्वतीच्या वटवाघळांची सोय पाहतो.

यंत्र कोठे ठेवावे, हा मुद्दा खरेदीपेक्षा महत्त्वाचा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. गायक सहा मीटरवर आणि खोकणारा एका मीटरवर असेल तर खोकणाऱ्याला १५ डेसिबलहून अधिक आघाडी मिळते. सभागृहाच्या भिंती आणि लाउडस्पीकर थोडी भरपाई करतात. खोकणारा ती भरून काढतो. मैफलीत बसलेल्या माणसाला हे जाणवत नाही, कारण त्याचा मेंदू नको ते बाजूला सारत असतो. गर्दीतून एकच आवाज वेचण्याच्या या शक्तीवर कॉलिन चेरी यांनी अमेरिकेत एमआयटीत केलेला अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी भीमसेन जोशींनी पुण्यात गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. दोन घटनांचा संबंध नाही. पण डिसेंबरच्या थंडीत मंडपात बसलेल्या पुणेकरांना चेरी यांचे म्हणणे वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

माईकला ही शक्ती नाही. तो सगळ्यांना सारखे लेखतो. म्हणून खाजगी मुद्रणांच्या संग्राहकांत फिती ओळखल्या जातात त्या रागापेक्षा श्रोत्यांवरून. "ती हाय-हायवाल्यांची यमन का? आहे माझ्याकडे." मांडीवर ताल धरणारा असतो, त्याचा ठेका प्रत्यक्षात कोणाला ऐकू येत नाही, मुद्रणात तो तिसरा वादक ठरतो. प्लॅस्टिकच्या पिशवीतून वडा काढणारा विलंबित संपण्याची वाट पाहत नाही. खोकणाऱ्यांत दोन घराणी आहेत : आलापी संपेपर्यंत दाबून धरून द्रुतात मोकळे होणारे, आणि गायकाने तार षड्ज लावताच सहानुभूतीने सुरू होणारे. सर्वांत चिवट म्हणजे शेजारी बसलेल्या बायकोला राग समजावणारा. मारवा आणि पूरिया यांचे स्वर तेच, फरक चलनाचा, त्यामुळे "हा मारवा. बघ, मारवाच," ही कुजबुज एका मुद्रणात चाळीस मिनिटे चालते. शेवटी गायक स्वतःच पूरियाचे नाव घेतात. त्यानंतर क्षणभर शांतता आणि मग, "तरी मी म्हणतच होतो."

दाद देणाऱ्यांत यंत्राचा मालक सर्वांत जवळ असतो, म्हणून त्याचीच दाद सर्वांत मोठी येते. प्रस्तुत लेखकाची ‘वा’ समेच्या किंचित आधी पडते, हे मुद्रणांवरून सिद्ध झाले आहे. जाणकाराला सम आधीच दिसते.

हे आवाज आता संगणकावर पुसता येतात. खोकला वेचून काढणारी साधने आहेत आणि ती चांगले काम करतात. लेखकाच्या संग्रहात घरच्या बैठकीची एक जुनी कॅसेट आहे. तीत भैरवाचा विलंबित रंगात आलेला असताना एक बाई दारातून दबक्या आवाजात विचारते, "साखर सगळ्यांना चालते ना रे?" ती लेखकाची आई. कॅसेटचे डिजिटल रूपांतर करताना पंख्याची घरघर काढली, फितीची सळसळ काढली. तो प्रश्न काढलेला नाही. घरात त्या फितीची मागणी होते तेव्हा राग कोणता, हे कोणी विचारत नाही.

परवानगी हा भाग हौशी मंडळी शेवटी वाचतात किंवा वाचतच नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने, १९९४ च्या दुरुस्तीनंतर, कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क दिला आहे. तो आज ५० वर्षे टिकतो. केवळ स्वतःच्या वापरासाठी केलेले मुद्रण कायदा भंग मानत नाही, पण आयोजकाने बंदी घातली असेल तर ती पाळावीच लागते. खरी गोष्ट कायद्याच्या पुढची आहे. बैठकीत गायक धाडस करतो ते चुकले तर हवेत विरेल या भरवशावर. समोर लाल दिवा लागला की तो पाठ असलेलेच गाण्याची शक्यता वाढते. त्यातून एखादी विस्कटलेली तान दुसऱ्या दिवशी शंभर मोबाइलांवर पोहोचते आणि मैफलीला न आलेला माणूस तीवर मत देतो. "तुम्ही रेकॉर्ड करताच, मग पाठवून द्या," म्हणणारा हा इसम तिकीट कधीच काढत नाही. त्याच्यासाठी निम्मी मैफल मीटरकडे पाहत घालवावी का, याचा यंत्र घेण्यापूर्वी विचार केलेला बरा. केसरबाई केरकरांनी मुद्रणाला कधी फारसे जवळ केले नाही. १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे आणि ती आता आंतरतारकीय अवकाशात आहे. तिथून तिच्यावर अद्याप कोणाचे मत आलेले नाही.

ध्वनिव्यवस्था सांभाळणारा ओळखीचा असेल तर त्याच्या मिक्सरमधून थेट वायर मिळते. ती लाइनच्या खाचेत लावावी. माईकच्या खाचेत लावली तर सगळे फाटते. असे मुद्रण स्वच्छ येते पण कोरडे, कारण त्यात सभागृहच नसते. माईक आणि लाइन दोन्ही घेऊन नंतर मिसळणे उत्तम. त्यासाठी चार ट्रॅकचे, जड आणि महाग यंत्र लागते. ते अर्थातच अधिक दिसते.

उरले रोजचे ऐकणे. सेलवर चालणारे यंत्र घ्यावे; पीसीएम-एम१० दोन पेन्सिल सेलांवर एका दिवसाहून जास्त चालतो, आणि मैफलीत सेल संपले तर ते बदलता येतात. हेडफोनची खाच चांगली हवी, कळा अंधारात चाचपून सापडायला हव्यात, आणि कळा गोठवणारा खटका हवाच, नाहीतर खिशात यंत्र आपोआप सुरू होऊन किल्ल्यांचे गायन टिपते. मात्र यादी शोधणे, गाणे निवडणे या बाबतीत ही यंत्रे गैरसोयीची. ३२० केबीपीएसची एमपी३ प्रत करून मोबाइलवर टाकली की रोजचे काम भागते. तळजाईच्या टेकडीवर फिरताना लेखक तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्याच ऐकतो. २४ बिटच्या दोन तासांना निवांत वेळ लागतो आणि तो पुढच्या रविवारी मिळणार असतो.

मुद्रण झाल्यावर कार्डावरची फाइल त्याच रात्री उतरवून दोन निराळ्या डिस्कवर ठेवावी. यंत्र फाइलला नुसता क्रमांक किंवा तारीख देते आणि घड्याळ मागे पडले असेल तर तारीखही खोटी असते. म्हणून शेवटी माईकमध्ये तोंडी नोंद करावी. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी तबकडीच्या अखेरीस स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले ते याच सोयीसाठी, कारण तबकड्या तयार व्हायच्या हॅनोव्हरला आणि तिथे आवाज ओळखणारे कोणी नव्हते. नोंदीत राग, गायक, साथीदार, स्थळ आणि दिनांक एवढे पुरते. प्रस्तुत लेखक ध्वनिमुद्रकाचे नावही सांगतो, आणि ते आधी सांगतो.