साइड इफेक्ट नसलेले मामा

नांदेडच्या स्टेडियमवर पहाटे फिरायला येणाऱ्यांत दोन प्रकार असतात. एक, ज्यांना काहीतरी होतंय ते. दुसरा, त्यांना काय होतंय हे ज्यांना त्यांच्याआधी कळलेलं असतं ते. मामा दुसऱ्या प्रकारातले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला मफलर आणि हातात प्लास्टिकच्या वायरची विणलेली पिशवी. या पिशवीला घरात कुणी हात लावायचा नाही. असे मामा तरोडा नाक्यावर, वजिराबादेत, लातूरच्या औसा रोडवर गल्लीगणिक एक सापडतात. आपण आपले एकच धरू.

"गुडघे धरायलेत का?" मामा समोरच्याच्या चालण्याकडे बघून विचारतात.

"हाव."

"वात हाय. उष्णता बी हाय."

उष्णता असतेच. मराठवाड्यात उष्णता नाही असा माणूस मामांनी अजून पाहिलेला नाही. मग पिशवीतून कागदाची पुरचुंडी निघते. "हरभऱ्याएवढं घ्यायचं. अनशापोटी." हरभरा गावरान की काबुली, किती दिवस, बीपीची गोळी चालू असेल तर काय, असले प्रश्न विचारणारा माणूस मामांना संशयी वाटतो. "झाडपाला हाय हो. गुण आला तर आला. नुकसान तर काही नाही ना? साइड इफेक्टच नाही!"

हे शेवटचं वाक्य मामांचं सगळं वैद्यकशास्त्र आहे.

मामांचं ज्ञान तीन ठिकाणचं. एक मोबाइल. दुसरं, ज्याला कधीतरी गुण आला तो माणूस. ज्याला आला नाही तो परत सांगायला येत नाही, म्हणून मामांकडे यशच तेवढं जमा होतं. तिसरं माळेगावची यात्रा. लोहा तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्यावर, मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. लोक तिथे घोडे, उंट, गाढवं बघायला जातात. मामा जडीबुटीवाल्यांच्या ओळीत उकिडवे बसतात आणि मुळ्यांचा वास घेत भाव करतात. गंमत अशी की पोतं पसरून बसलेला वैदूसुद्धा आधी विचारतो, "कुणाला पाहिजे? वय काय? काय होतंय?" मामा तेवढंही विचारत नाहीत.

आणि वजिराबादेत शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. मामा त्याच्यावरून रोज जातात, आत मात्र जात नाहीत. आत गेलं की वैद्य नाडी धरणार, भूक, झोप, कोठा विचारणार, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते लिहून घेणार, पथ्य सांगणार. हे सगळं आयुर्वेदाचंच. पण मामांना आयुर्वेदातलं फक्त झाडाचं नाव पाहिजे असतं. मात्रा, अनुपान, कुणाला द्यायचं नाही, ही भानगड त्यांनी वगळली आहे. नीट वापरलं तर विषही औषध होतं आणि वेडंवाकडं वापरलं तर औषधही विष होतं, हे चरकसंहितेत सांगितलेलं आहे. मामांपर्यंत त्याचा पहिला अर्धाही पोचलेला नाही.

झाडपाल्यात दम नसतो असं मात्र म्हणू नका. मामा लगेच सर्पगंधा काढतील, आणि तिथे ते बरोबर असतात. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लेख लिहून सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे जगाला दाखवलं. पुढे तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं आणि ते जगभर वापरलं गेलं. मामा गोष्ट इथे थांबवतात. पुढची गोष्ट अशी की त्याच औषधानं काही रुग्णांना खोल उदासी यायला लागली. जे लागू पडतं ते नको तिथेही लागू पडू शकतं. ज्याचा काहीच परिणाम होत नाही त्याचाच दुष्परिणाम होत नाही. पण असं औषध मामांनी का वाटावं?

करोनात मामांचे सोन्याचे दिवस होते. गल्लीत दर घराच्या खिडकीतून काढ्याची वाफ. कंपाउंडच्या निंबावर चढलेली गुळवेल मामांनी अशी तासली की निंब उघडा पडला. २०२० च्या शेवटी मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले, सगळे गुळवेल घेणारे. त्यांनी ते शास्त्रीय नियतकालिकात छापलं. मी मामांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मुंबईची गुळवेल असेल." आयुष मंत्रालयाचं म्हणणंही फार वेगळं नव्हतं: ती खरी गुळवेल नव्हेच, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असावी. पुढे देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यातल्या काहींच्या शरीरात स्वतःच्याच यकृतावर उलटणारा विकार आधीपासून दबा धरून होता. आता हे कंपाउंडपाशी कोयता घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला कसं ओळखू येणार?

कारल्याचा रस, जेष्ठमध, लसूण ही मामांची बारकी हत्यारं. शुगरची गोळी घेऊन वर रोज कारल्याचा रस पिणारे त्यांचे एक मित्र एकदा घामानं थबथबून घरीच बसले. साखर फार खाली गेली होती. मामा म्हणाले, "बघा, किती गुण!" दुसऱ्या एकांना खोकल्यासाठी रोज जेष्ठमध चघळायला लावलं. खोकला गेला आणि बीपी वर गेलं. जेष्ठमधानं शरीरात मीठपाणी धरून राहतं आणि पोटॅशियम उतरतं. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिलेल्या शेजाऱ्याला लसणाच्या पाकळ्या वाढवायला सांगितल्या, पण शेजारीण हुशार निघाली. तिनं आधी डॉक्टरांना फोन लावला.

इतकं केमिकलचं वावडं असलेल्या माणसाच्या घरात व्हिटॅमिनचे डबे कसे, असं कुणीही विचारेल. पुण्याहून मुलगा पाठवतो. मामांच्या मते व्हिटॅमिन म्हणजे औषध नव्हे, ताकद. कायदाही त्यांच्या बाजूनं बोलल्यासारखाच बोलतो. असले डबे अन्नाच्या नियमाखाली विकले जातात आणि त्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. मामा ते वाचतात आणि खूश होतात. औषध नाही म्हणजे जास्त घेतलं तरी चालतंय.

खरी ताकद जिला हवी होती तिला मात्र मिळत नव्हती. सून गरोदर राहून माहेरपणाला आल्यासारखी नांदेडला आली तेव्हा आरोग्य केंद्रातून लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या फुकट मिळाल्या. मामांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "अॅसिड? पोटात लेकरू असताना अॅसिड?" गोळ्या बंद, शतावरी सुरू. या 'अॅसिडा'चा शोध महाराष्ट्रातूनच सुरू झाला हे त्यांना कोण सांगणार? ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण १९२८ पासून मुंबईत कापडगिरण्यांतल्या गरोदर बायांचा पांढुरका पडण्याचा आजार तपासत होत्या. यीस्टचा अर्क चारला की त्या बाया सुधारतात हे त्यांनी १९३१ साली छापलं. त्यात जे होतं ते पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखलं गेलं. सुनेला हे माहीत नव्हतं, पण तिला सासरा माहीत होता. ती मामांसमोर शतावरी घ्यायची आणि मामीच्या मदतीनं गोळ्याही. फक्त चहाबरोबर नाही, कारण चहानं लोह अंगी लागत नाही हे मामींना नर्सबाईंनी बजावलं होतं.

लातूरला मामांची लेक असते आणि नातू नीटची तयारी करतो. ट्यूशन एरियात चौदा-चौदा तास बसणारी पोरं बघून मामांचा जीव तुटतो. अर्ध्या तिकिटावर लोहा, अहमदपूर, चाकूर करत ते जातात. पिशवीत ब्राह्मी, बदाम आणि स्मरणशक्तीचं सरबत असतं.

"हे घे. एकदा वाचलेलं विसरायचं नाही."

"आबा, झोप मिळाली तरी विसरणार नाही," नातू म्हणाला. मग त्याला पिशवीत डी जीवनसत्त्वाची पाकिटं दिसली. साठ हजार युनिटवाली. डॉक्टर देतात तेव्हा ती सहसा आठवड्याला एक, दोनेक महिने. "आबा, तुम्ही ही किती घेता?"

"रोज. आठवड्याला एकानं काय होतंय? डॉक्टर लोक मोजूनमापून देतात, कंजूष."

नातवानं अभ्यासातलंच ऐकवलं. बी आणि सी पाण्यात विरघळतात. जादा झालं तर बहुतेक लघवीवाटे जातं. म्हणजे मामांची पिवळीजर्द लघवी बरीच महागडी असते. ए, डी, ई, के चरबीत विरघळतात आणि अंगात साठून राहतात. "हे परीक्षेला येतंय, आबा."

"तुझ्या परीक्षेला येतंय. माझी परीक्षा झालेली हाय."

डी कमी असायला मामांकडे कारणही होतं. बेचाळीस अंशांच्या गावात राहून ते उन्हाला भेटत नव्हते. पहाटे मफलर बांधून फिरायचं आणि दिवसभर कूलरसमोर. पण कमी असलेलं भरून काढणं वेगळं आणि हौद भरल्यावरही नळ चालू ठेवणं वेगळं.

पावसाळ्याच्या तोंडाला मामांची भूक गेली. मळमळ, कोठा बांधलेला, घसा कोरडा, रात्रभर लघवीला उठणं. त्यांनी स्वतःच निदान केलं: उष्णता. सब्जा चालू. आठवड्यात ते असंबद्ध बोलायला लागले, पण हे घरच्यांच्या लवकर लक्षात आलं नाही. शेवटी दवाखान्यात नेलं.

"आजोबा, सध्या काय काय औषधं घेता?"

"काही नाही."

"बीपीची गोळी?"

"ती घेतो. ती तर रोजचीच हाय."

"आणखी काही? आयुर्वेदिक, टॉनिक, गावठी?"

"औषध म्हणून काहीच नाही, साहेब."

मामींनी आयुष्यात पहिल्यांदा त्या पिशवीला हात लावला आणि ती टेबलावर पालथी केली. गुळवेल, अश्वगंधा, जेष्ठमध, पुण्याचा डबा, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रबर लावून नीट जपलेली डीची रिकामी पाकिटं. मामा काहीच फेकत नाहीत. डॉक्टरांनी पाकिटं मोजली, कपाळाला हात लावला आणि रक्त काढायला सांगितलं.

"कॅल्शियम फार वाढलंय."

"मग चांगलंच की! हाडं बळकट झाली असतील."

"हाडात नाही आजोबा, रक्तात. मूत्रपिंडं बिघडतात त्यानं."

सलाइन लागलं, सगळं बंद झालं. डी चरबीत मुरलेलं असल्यामुळे उतरायला कितीतरी आठवडे गेले. तोवर मामा दर काही दिवसांनी रक्त देत राहिले आणि प्रत्येक सुईला "हे केमिकलवाले" म्हणत राहिले.

आता मामा पुन्हा स्टेडियमवर येतात. डिस्चार्जच्या कागदाच्या त्यांनी झेरॉक्स काढून आणल्या आहेत आणि भेटेल त्याला एक देतात. "डी घेऊ नका. लई डेंजर हाय." परवा एका आजींना दिली. त्यांना मांडीचं हाड मोडल्यावर डॉक्टरांनी डी लिहून दिलेलं आहे आणि ते त्या अगदी सांगितल्यासारखं, आठवड्याला एकच घेतात. आजी घाबरल्या. "मग काय घेऊ, भाऊ?"

मामांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी असते, ती त्यांनी वाया जाऊ दिलेली नाही. तिथे हाडजोडीचा काढा लिहिला आहे. मात्रा: हरभऱ्याएवढी.