वारा समोरून होता

पवनराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव चारचौघांसारखंच आहे, पण ते आता आधार कार्डावर आणि वहिनी चिडल्या की त्यांच्या तोंडी, एवढंच उरलंय. तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. रविवारी पहाटे दुधाची पिशवी आणायला खाली उतरलात की सोसायटीच्या गेटपाशी अंगाला चिकटलेल्या पोपटी कपड्यांतला, बुटांचा टकटक आवाज करत चालणारा जो पोक्त गृहस्थ वॉचमनला टायरमधल्या हवेचं गणित समजावत असतो, तोच. वॉचमन स्वतः रोज सायकलवरूनच कामावर येतो, पण त्याला कोण विचारतो?

या जातीचे बाकीचे गुण तुम्हाला तोंडपाठ असतील. सायकल मोटरसायकलपेक्षा महाग. तिचं वजन ग्रॅममध्ये सांगायचं, स्वतःचं सांगायचंच नाही. ॲपवर नोंद झाली नाही तर राइड झालीच नाही. ते सगळं सोडून देऊ. पवनरावांची खासियत एकच: वारा. सरासरी वेग कमी पडला, वारा समोरून होता. पंक्चर काढायला अर्धा तास लागला, वारा समोरून होता (हा तर्क मला आजतागायत कळलेला नाही). भाचीच्या साखरपुड्याला पोचले तेव्हा पेढे संपले होते. त्या दिवशी ते रिक्षाने आले होते. तरीही वारा समोरूनच होता. पावसाळ्यात हॉलमध्ये स्टँडवर सायकल लावून घाम गाळतात, तिथंही एकदा आकडे घसरले. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. शांतपणे म्हणाले, ‘‘पंखा समोर होता.’’

आता अशा माणसाने खरं तर घाटात जावं. कात्रजच्या चढावर वेग इतका पडतो की वाऱ्याला फारसं कुणी विचारत नाही, तिथे भांडण गुरुत्वाकर्षणाशी असतं. पण पवनराव घाटाचं नाव काढत नाहीत. त्यांना हवं असतं उजनी. सपाट रस्त्यावर जरा वेग घेतला की पायातली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. चढाला दोष देता येत नाही, उताराचे आभार मानायला लागत नाहीत. राहतो फक्त वारा. शिवाय भीमेवर १९८० साली पुरं झालेलं हे धरण मागे इतकं लांब पसरलंय की त्याला पुरती प्रदक्षिणा घालायची तर आकडा दीडशे किलोमीटरच्या घरात जातो. एका सबबीला एवढी मोकळी जागा महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे मिळणार?

गाडीवर सायकली लादून भिगवणपर्यंत जायचं आणि तिथून फेरी सुरू. पळसदेव, इंदापूर, धरणाच्या भिंतीखालून पलीकडे, मग कंदर, जेऊर, वाशिंबे, केत्तूर असं करत डिकसळच्या जुन्या पुलावरून, ज्यावरून पूर्वी रेल्वे जायची, परत भिगवण. सुरुवातीला आमच्यातल्या एका भोळ्या नवख्याने विचारलं, ‘‘पण काका, गोल फिरून आपण निघालो तिथेच आलो ना? मग निम्मा वेळ तरी वारा मागून असेलच की.’’ पवनरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं वहिनी बिनमिठाच्या आमटीकडे पाहतात.

त्यांची बाजू घेतली ती, दुर्दैवाने, आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनियरने. त्याने टपरीवर बिस्किटाच्या पुड्यामागे गणित मांडलं. तीस किलोमीटर वाऱ्यासोबत ताशी तीसने गेलात, एक तास. तेच तीस वाऱ्याविरुद्ध पंधराने आलात, दोन तास. अंतर निम्मं निम्मं, पण तीन तासांतले दोन वारा तोंडावर. सरासरी साडेबावीस नव्हे, वीस. म्हणजे पाठीमागच्या वाऱ्याने दिलेलं समोरचा वारा व्याजासकट वसूल करतो. पवनरावांनी तो पुडा घडी घालून खिशात ठेवला. अजून त्यांच्याकडे आहे. मागितला तर दाखवतात, न मागितला तरी दाखवतात.

त्यात त्यांना हॉलंडची बातमी लागली. तिथे २०१३ पासून समोरच्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा भरते. वादळ येणार असं दिसलं की थोडे दिवस आधी जाहीर करतात, झीलंडमधल्या समुद्री बंधाऱ्यावर साडेआठ किलोमीटर, सगळ्यांना साध्या बिनगिअरच्या सायकली. पवनराव म्हणाले, ‘‘बघ. तिथे याला खेळ म्हणतात. इथे सबब म्हणतात.’’

इंदापूरच्या अलीकडे एकदा ते उसाच्या ट्रॅक्टरमागे लागले. दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकलेला ऊस, स्पीकरवर कर्कश गाणी, आणि त्या उसाच्या भिंतीच्या आडोशाला पोपटी कपड्यांतले पवनराव. फार धोक्याचं काम आहे, कुणी करू नये. एवढा आडोसा मिळूनही आमच्यानंतरच पोचले. घाम पुसत म्हणाले, ‘‘ट्रॅक्टरला वारा समोरून होता.’’

आणि तो दूधवाला! काळी, जुनी, घंटी सोडून सगळं वाजणारी सायकल, दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या, पायात चप्पल. पवनराव हँडलवर वाकून नाक जवळजवळ चाकाला टेकवून चाललेले, आणि हा ताठ बसून, एका हाताने टोपी सारखी करत शेजारून पुढे गेला. जाता जाता थांबला बिचारा. त्याला वाटलं काका आजारी आहेत. पवनरावांनी धापा टाकत वाऱ्याकडे बोट दाखवलं. ‘‘वारं व्हय?’’ तो म्हणाला, ‘‘ते हितं रोजच असतंय की.’’ आणि गेला.

त्या दिवसापासून पवनरावांनी पक्ष्यांचा आधार घेतला आहे. माणसांवर त्यांचा विश्वास राहिला नाही. हिवाळ्यात कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी उतरतात, त्यांना पाहायला पुण्या-मुंबईहून मोठाल्या लेन्सवाले येतात. पवनराव त्यांच्या मधे घुसून सांगतात, ‘‘उडताना बघा. वाऱ्याकडे तोंड करून पाण्यावर धावतो, मगच उचलतो.’’ हे खरं आहे. लेन्सवाले कौतुकाने माना डोलावतात आणि दोन पावलं बाजूला सरकतात.

गेल्या फेरीत मात्र एक वेगळंच झालं. कंदरला केळी खाल्ली (जिथून केळी परदेशात जातात तिथे उभं राहून केळी खाणं हा या फेरीतला खरा आनंद), पुढे केत्तूरच्या बाजूला पवनराव काही न बोलता डांबरी सोडून पाण्याकडच्या पाऊलवाटेला वळले. आम्हीही मागोमाग. काठावर उसाचा पाचोळा, चिलापीची जाळी वाळत घातलेली, एक होडी उलटी. त्यांनी पाण्यात लांबवर बोट केलं. ‘‘तिथे आजोळ आमचं. आत्ता दिसतंय ना, तो काळा ठिपका, त्याच्या डावीकडे.’’ ठिपका म्हणजे पाणकावळा होता, तो लगेच उडाला. ‘‘मे महिन्याच्या सुट्टीत मामा मला सायकलच्या नळीवर बसवून नदीला न्यायचा. मग गाव उठलं.’’ पाणी कमी झालं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं, लोक बघायला जातात. यांच्या आजोळचं काही वर येत नाही. मातीची घरं होती. काठावर चांगलाच वारा होता. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

परतताना तो वारा वायव्येकडून थेट तोंडावर आला. माझे पाय संपले होते. पवनराव पुढे आले, एवढंच म्हणाले, ‘‘माझ्या चाकाला चिकटून राहा,’’ आणि डिकसळच्या पुलापर्यंत एकदाही मागे वळले नाहीत. त्यांच्या त्या रुंद पोपटी पाठीमागे हवा जवळपास नव्हतीच. सायकल आपोआप चालल्यासारखी चालत होती. उजनी उन्हाळ्यात मायनसमध्ये गेली की आपण पेपर वाचून हळहळतो, पण ११७ टीएमसीतलं निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यातच असतं. पवनरावही तसेच मायनसमध्ये गेल्यावर चालतात. पुढे एक शंकाही आली की हा माणूस इतकी वर्षं वाऱ्याबद्दल बोलतोय ते बहुधा नेहमी कुणाच्या तरी पुढे असल्यामुळेच. ती मी लगेच झटकली. त्यांना कळलं तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल.

भिगवणला चिलापी फ्राय खाल्ली. मग पवनरावांनी आणखी एक प्लेट मागवली. मग ज्वारीची भाकरी, मग सोलापुरी चटणीवरून मालकाशी चर्चा. निघेपर्यंत ऊन कललं. लोणी काळभोरला गाड्यांची रांग लागली होती. गाडी पवनराव चालवत होते, सायकली मागे दोरीने बांधलेल्या. त्यांचा फोन वाजला. वहिनी. त्यांनी डोळ्यांनीच खूण केली आणि मी उचलला.

‘‘सातला येतो म्हणाले होते,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘आठ वाजले. कुठे आहात?’’

मी पवनरावांकडे पाहिलं. ते समोर पाहत होते, गंभीरपणे, अगदी आज्ञाधारक मुलासारखे. रांग जरा हलली, गाडीने वेग घेतला, मी काच खाली करून हात बाहेर काढला.

‘‘वहिनी,’’ मी म्हणालो, ‘‘वारा समोरून आहे.’’